दमा उसळतो तेव्हा



ही व्याख्यानमाला ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ भरते, त्यांचं शेवटचं दुखणं छातीचं होतं. यंदाचा विषय त्यांच्या घरच्यांनीच सुचवला. मला तो लगेच पटला, कारण दिवसही तेच आहेत. दिवाळी झाली, मंडई सुरू झाल्या, हलक्या धानाचे पुंजणे लागले, भारी धान कापणीला आलं. चोरखमाऱ्याच्या तलावावर पहाटे धुकं बसायला लागलं. तिरोडा तालुक्यातच काय, गोंदिया-भंडाऱ्याच्या सगळ्या धानपट्ट्यात जुन्या दम्याच्या माणसाला जड जाणारे महिने आता सुरू होतात.

दवाखान्यात रुग्णाला घेऊन येणारी माणसं हमखास म्हणतात, ‘काल रात्री अचानक दम भरला.’ माझं सांगणं असं की तो अचानक भरत नाही. बहुतेक वेळा दोन-तीन दिवस आधी काहीतरी घडलेलं असतं. घरात कुणाला सर्दी झालेली असते, कुणी ओली लाकडं पेटवलेली असतात, धान चुरलेलं असतं, छातीच्या औषधाचा पंप संपलेला असतो. दम उसळला की आधी उपचार, यात वाद नाही. पण माणूस सावरला की घरच्यांनी बसून मागचे तीन दिवस आठवायचे. दोन-तीनदा असं केलं की त्या माणसाचा दम कशाने उसळतो हे घरालाच कळायला लागतं. ते मला शहरात बसून कळणार नाही.

थोडं आजाराविषयी. आपण सगळ्यालाच दमा म्हणतो. त्यात खरा दमा असतो, जो बहुधा लहानपणापासून येतो-जातो आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. आणि त्यात सीओपीडी असतो, म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनळ्या सुजून अरुंद झालेल्या, फुप्फुसाचे बारीक फुगे फाटलेले. हा येतो आणि राहतो. टीबी बरा झाल्यावर मागे राहिलेल्या डागांमुळेही पुष्कळांना आयुष्यभर धाप लागते. भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. १९९० मध्ये ते पावणेतीन कोटींच्या आसपास होते. हे आकडे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ साली छापून आले. त्याच अभ्यासात कारणांची वाटणीही होती. सीओपीडीमुळे आयुष्याची जी हानी होते, तिच्यातली निम्म्याहून अधिक प्रदूषित हवेच्या खात्यावर होती आणि तंबाखूच्या खात्यावर साधारण पाव हिस्सा. इथे बसलेल्या ज्या बायांनी जन्मात बिडी ओढली नाही आणि तरी तलावाच्या पाळीवर चढताना ज्यांना दोनदा थांबावं लागतं, त्यांच्यासाठी हा आकडा मी मुद्दाम सांगितला. १९५० च्या दशकात दिल्लीत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी फुप्फुसाच्या आजारामुळे हृदय थकलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकाही त्यांत पुरुषांच्या बरोबरीने दिसल्या. म्हणजे चुलीच्या धुराची ही गोष्ट आपल्या देशातल्या डॉक्टरांना साठहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. गावापर्यंत ती नीट पोचली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता दम उसळणं म्हणजे नेमकं काय? कॅनडातल्या विनिपेगचे डॉ. अँथोनिसेन यांनी १९८७ मध्ये तीन खुणा सांगितल्या, त्या आजही आम्ही वापरतो. नेहमीपेक्षा धाप वाढली, बेडका वाढला, बेडक्याचा रंग बदलून पिवळा-हिरवा झाला. या तीन खुणा कोणालाही घरच्या घरी बघता येतात. तरी माणसं गप्प बसतात. लंडनमध्ये रुग्णांना रोजची वही ठेवायला लावून अभ्यास झाला, तेव्हा जवळजवळ निम्म्या वेळा रुग्णांनी दम उसळल्याचं डॉक्टरला सांगितलंच नव्हतं. दवाखाना हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरातली ही गत. आपल्याकडे तर कापणी चालू असताना म्हातारा काय म्हणतो? ‘होईल कमी.’ त्याच लंडनच्या अभ्यासात दम उसळून गेल्यावर पाच आठवडे उलटले तरी चारांतल्या एका वेळी रुग्णाची फुंकर पूर्वीइतकी जोरात आली नव्हती. काही वेळा तीन महिन्यांनीही नाही. म्हणून एक दम टाळला तर एक रात्र वाचते एवढाच त्याचा हिशेब नाही. आणि ज्याला मागच्या वर्षी दोनदा उसळला, त्याला यंदाही उसळण्याची शक्यता इतरांहून बरीच जास्त असते. घरात असं माणूस असेल तर त्याच्याकडे आजपासूनच लक्ष द्या.

आता दम कशाकशाने उसळतो ते बघू. चुलीपासून सुरुवात करतो, आणि तिथे जरा जास्त थांबणार आहे.

गावात आलो की मला हटकून विचारतात, ‘डॉक्टर, तिरोड्याच्या चिमणीचं काय?’ प्रश्न रास्त आहे. कोळशावरच्या ३३०० मेगावॅटच्या प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्यांनी हवेच्या मोजमापाचे आकडे मागावेत, राखेच्या ट्रकांवर ताडपत्री मागावी, तो त्यांचा हक्कच आहे. पण कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने सांगितलेली एक गोष्ट सोबत ठेवा. या माणसाने १९८१ मध्ये गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगाला यंत्रं लावून, त्या श्वासावाटे किती धूर घेतात ते मोजलं होतं. जगात असं मोजमाप करणाऱ्या पहिल्यांपैकी तो एक. त्याचा अंदाज असा, की उंच चिमणीतून किंवा उघड्यावर सुटलेल्या धुरापेक्षा घरात सुटलेला धूर कुणाच्यातरी छातीत शिरण्याची शक्यता सुमारे हजारपट असते. चुलीचा धूर थोडा असेल, पण तो नाकापासून वीतभर अंतरावर निघतो आणि वर छप्पर असतं.

मागे एका हिवाळ्यात याच भागातली एक आजी आली. वय साठीच्या पुढे, बिडी नाही, तंबाखू नाही. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात दम इतका भरला की वाक्य पुरं होईना. सगळे म्हणाले थंडी लागली. मी चुलीचं विचारलं तर सून जरा दुखावून म्हणाली, ‘घरी गॅस आहे, डॉक्टर.’ होताही. चहा, भाजी, पोळी सगळं गॅसवर. मग दिवसभराचं एकेक विचारत गेलो. पहाटे उठून आजी काय करते? तर अंघोळीचं पाणी तापवते. ते कशावर? परसातल्या चुलीवर, पत्र्याच्या उतरत्या छपराखाली. जळण काय? दव पडून ओली झालेली काडी, पेटवायला तणसाची मूठ, आणि धरत नाही म्हणून फुंकणी. घरातली सात माणसं, सात बादल्या. ऊब मिळते म्हणून ती तिथेच बसून राहायची. दिवाळीला लेकी-नातवंडं आली, माणसं बारा झाली. बारा बादल्या पाणी तापेपर्यंत म्हातारी धुरात. सुजलेल्या नळ्या त्याहून जास्त काय सोसणार?

चूल बंद करा, असं मी म्हटलं नाही. बारा बादल्या पाणी गॅसवर तापवणं त्या घराला परवडणारं नव्हतं, आणि सिलिंडरचा भाव ठाऊक असलेल्या कुणी तसं सांगूही नये. चूल छपराबाहेर, घराकडे वारा येतो त्याच्या उलट्या अंगाला न्यायची. लाकूड आदल्या दिवशी उन्हात टाकून रात्री आत घ्यायचं. पेटवायचं काम तिच्या मुलाने करायचं. धूर जास्त होतो तो पेटवताना आणि विझवताना. निखारा लाल झाल्यावर आजीने यावं, तोवर स्वेटर घालून घरात बसावं. एवढं ठरलं. यात मला एका गोष्टीवर पुष्कळ बोलावं लागलं. आजीला ते काम सोडायचं नव्हतं. आयुष्यभर पहिली उठणारी बाई, तिला ‘तू बसून राहा’ म्हटलं की आपण घरात नकोशा झालो असं वाटतं. आणि मुलाला चूल पेटवायला लाज वाटत होती. धूर टाळा हे सांगणं सोपं आहे. पण चुलीपासून कोण उठेल आणि तिच्या जागी कोण बसेल हे घरातल्या पुरुषांनी ठरवल्याशिवाय ते होत नाही, एवढं मी अनुभवाने सांगतो.

आता थंडी. गोंदियाचा पारा विदर्भात सर्वांत खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात आपण वाचतो. थंड, कोरडी हवा नळीत शिरली की नळी आखडते. त्यावर उपाय नाक-तोंडावर गमछा किंवा मफलर, आणि ज्याला दम आहे त्याने ऊन चढल्यावरच बाहेर पडणं. पण हिवाळ्याचा दुसरा अपाय डोळ्यांना दिसतो आणि तरी आपण त्याला धुकं समजतो. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि वर उबदार हवा झाकणासारखी बसते. खालचा धूर वर जाऊच शकत नाही. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत हेच झालं होतं. त्या धुक्याने तेव्हाच्या सरकारी हिशेबाने सुमारे ४००० माणसं नेहमीपेक्षा जास्त दगावली. पुढच्या अभ्यासकांनी आकडा बारा हजारांपर्यंत नेला. गेलेल्यांत म्हातारे आणि छातीचे जुने रुग्ण पुष्कळ होते, आणि त्या धुरात घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा मोठा वाटा होता. आपल्या गावात लंडनएवढा धूर नाही. पण संध्याकाळी सहा वाजता चुली, शेकोट्या, गोठ्यात डासांसाठी केलेला धूर आणि बांधावर पेटवलेला पाचोळा हे सगळं एकाच वेळी सुरू होतं आणि तलावाकडच्या सखल भागात रात्रभर तसंच राहतं.

शेकोटीवर माझा राग नाही. गावातली म्हातारी माणसं तिथेच भेटतात, दंडारीचे बेत तिथेच ठरतात. ज्याला दम आहे त्याने वारा पाठीकडून येईल असं बसावं, लांब बसावं आणि शेकोटीत प्लास्टिक, टायर किंवा जुनी चप्पल कोणालाही टाकू देऊ नये. तणसाचंही तेच. आपल्याकडे बरंचसं तणस जनावरांच्या पोटात जातं, ही चांगली गोष्ट आहे. पण हार्वेस्टर आल्यापासून शेतात उभा राहिलेला धांडा जाळायची सवय आपल्याकडेही शिरते आहे. ती इथेच थांबली पाहिजे. ग्रामसभेत ठराव होण्याजोगी ही गोष्ट आहे आणि सरपंच समोरच बसले आहेत.

डासांसाठी लावतो ती वळणाची अगरबत्ती. दार लावून, दम्याच्या माणसाच्या खाटेखाली ती रात्रभर जळत असते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा एका वळणातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले होते. मच्छरदाणी लावा. मलेरियालाही तीच चांगली. फटाक्यांचं पुढच्या वर्षासाठी सांगून ठेवतो: आवाज न करणारी सापाची गोळी निरुपद्रवी समजून आपण लहान लेकरांच्या हातात देतो. पुण्यात झालेल्या मोजमापात बारीक कण सोडण्यात तीच पहिली आली.

आता चुरणीकडे. थ्रेशरच्या तोंडाशी, आणि राईस मिलमध्ये कोंडा पडतो त्या जागी जो उभा राहतो, त्याच्या अंगावरून वाहणारी धूळ बारीक आणि बोचरी असते, कारण धानाच्या टरफलात वाळूतल्यासारखी सिलिका असते. दम असलेल्या माणसाने चुरणीच्या दिवशी खळ्यावर जाऊच नये. हिशेब बघायचा तर दुसऱ्या दिवशी बघावा. बाकीच्यांनी कापड निदान दुपदरी आणि ओलं करून बांधावं, एन-९५ मास्क मिळाला तर उत्तमच. पावसात भिजून काळं पडलेलं, बुरशी धरलेलं तणस हलवल्यावर चार-सहा तासांनी ताप, खोकला, धाप आली तर त्याला थंडीताप समजू नका. बुरशीच्या कणांनी फुप्फुस सुजण्याचा तो वेगळाच आजार आहे, आणि पुन्हा पुन्हा झाला तर कायमचा व्रण करतो.

पुढे फाल्गुन-चैत्र. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं पेटवायची, आणि वारा फिरला की ती आग नागझिऱ्यात शिरायची. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यातली आग विझवताना तीन मजूर गेले, हे इथे कुणाला सांगायला नको. त्या दिवसांत जंगलाकडून येणाऱ्या धुराने जुन्या छातीच्या माणसांचे हाल होतात, ते मात्र कुठे नोंदले जात नाहीत. मोहाच्या झाडाखाली पाला झाडून बाजूला करा, जुनी साडी किंवा जाळी अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात. आणि बिडी. तेंदूपत्ता आपल्या जंगलातला, बिडीच्या धंद्याने गोंदिया मोठं झालेलं, कित्येक घरांत पत्त्याच्या पैशांवर पोरांची शाळा झालेली. ते मी नाकारत नाही. पण ज्याची छाती एकदा धरली त्याने ओढलेली प्रत्येक बिडी औषधाच्या विरुद्ध काम करते. दिवसाला दोनच ओढतो, हा हिशेब फुप्फुस करत नाही.

धुराइतकाच, किंबहुना त्याहून जास्त वेळा दम उसळवणारं कारण म्हणजे साधी सर्दी. लग्न, मंडई, तेरवी, भरलेली एसटी. नातू शाळेतून नाक गळत आला की आजोबांच्या कुशीत झोपतो आणि तिसऱ्या दिवशी आजोबांचा बेडका पिवळा. नातवाला दूर लोटा असं कोण सांगेल? पण चार दिवस वेगळं झोपावं, हात साबणाने धुवावेत, खिडकी उघडी ठेवावी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, न्यूमोनियाची लस डॉक्टरला विचारून घ्यावी. मोठ्यांना या लसी बहुतेक ठिकाणी विकत घ्याव्या लागतात, हे मला ठाऊक आहे. बारशाला, वाढदिवसाला साडी-चोळी करतो, त्याऐवजी एखाद्या वर्षी लेकाने बापाला लस टोचून आणली तर ती भेट कमी मोलाची नाही.

औषधाबद्दल दोन गैरसमज जायला हवेत. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून बरं वाटलं की पंप बंद होतो, आणि तीन आठवड्यांत माणूस परत खाटेवर. रोजचा पंप दम उसळू नये म्हणून असतो. तो बंद करणं हेच कितीदा उसळण्याचं कारण असतं. दुसरं, पंप ओढायची रीत. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, श्वास सावकाश आत घ्यायला लागल्यावर दाबायचा आणि दहा आकडे मनात मोजेपर्यंत श्वास धरायचा. पुष्कळांचं औषध जिभेवरच राहतं. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर लावला की हे सोपं जातं. तो नसेल तर अर्ध्या लिटरच्या स्वच्छ, कोरड्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं नेमकं छिद्र पाडून तिथे पंप बसवायचा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दम्याच्या मुलांवर हे तपासलं होतं. बाजारच्या स्पेसरइतकाच गुण आला. कॅप्सूल टाकायच्या यंत्राला ही युक्ती चालत नाही. आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत टिमोलॉलचे थेंब टाकत असाल तर डोळ्यांच्या डॉक्टरला दम्याचं सांगा. डोळ्यात टाकलेला थेंबही श्वासनळी आवळू शकतो. झोपेच्या गोळ्या दम भरलेला असताना कधीही नकोत.

एवढं सांभाळूनही दम उसळेलच कधीतरी. सुरुवातीला सांगितलेल्या तीन खुणांपैकी दोन दिसल्या तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा, बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत जात असेल किंवा पाय सुजून आडवं झोपता येत नसेल, तर १०८ ला फोन करा. गाडीतल्या डॉक्टरला ‘हा सीओपीडीचा जुना रुग्ण आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. या रुग्णांना ऑक्सिजन बेताने द्यावा लागतो. बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ एवढा आकडा आला की पुरे. शंभरावर नेण्याच्या नादात काहींची शुद्ध हरपते. जुने कागद, चालू औषधं आणि पंप एका पिशवीत घालून ती दारामागे टांगून ठेवा. रात्री दोनला शोधाशोध नको.

आशाताईंना एक विनंती करून थांबतो. दम उसळून दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला पुढचे आठ आठवडे परत उसळण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. तुमच्या यादीत बाळंतीण असते, टीबीचा रुग्ण असतो, तसं हे माणूसही तेवढे दोन महिने धरा. गेल्यावर तीन गोष्टी बघा: पंप चालू आहे का आणि तो नीट ओढला जातो का, घरात कुणाला सर्दी आहे का, आणि अंघोळीचं पाणी कशावर, कुठे आणि कोण तापवतं.